सांधेदुखीचे पथ्य: काय सोडावे आणि काय सोडू नये

गुडघे किंवा बोटे दुखू लागली की मुंबईतल्या मराठी घरांत बहुधा औषधाच्याही आधी पथ्य सुरू होते. आंबट बंद होते, दही बंद होते, वांगे-बटाटा जातो, वातूळ म्हणून वाल, चवळी, वाटाणे आणि हरभऱ्याची डाळ जाते, आणि शेजारच्या काकूंना गुण आला म्हणून मेथीचे लाडू किंवा एखादा काढा येतो. यामागची माया खरी असते. पण दोन-तीन महिन्यांनी ताटाकडे पाहिले तर त्यात भात, पोळी, दुधीची भाजी आणि दिवसभराचा चहा-बिस्किटे एवढेच उरलेले दिसते. प्रथिने कमी पडल्याने मांड्यांचे स्नायू उतरतात, हालचाल कमी झाल्याने पोट सुटते आणि सांधे मात्र होते तसेच दुखत राहतात.

म्हणून पुढच्या सगळ्या सूचनांचा आधार एकच आहे: पथ्य संधिवाताच्या प्रकारावरून ठरवावे. एकाच घरात पत्नीला आमवात (प्रतिकारशक्तीच्या बिघाडाने होणारा संधिवात) आणि पतीला गाऊट (रक्तातील युरिक ॲसिडमुळे होणारा संधिवात) असेल, तर बुधवारी आणलेला बांगडा तिच्यासाठी हितकर असतो आणि त्याच्यासाठी मोजून खाण्याचा असतो. दही मात्र दोघांनाही चालते, आणि नेमके तेच आपण दोघांचेही आधी बंद करतो.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट असावी. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या ‘युलर’ या संघटनेच्या २०२१ सालच्या जीवनशैलीविषयक शिफारशींत, एखादा विशिष्ट पदार्थ खाल्ल्याने किंवा टाळल्याने या आजारांत मोठा फरक पडण्याची शक्यता कमी असल्याचे म्हटले आहे. आहाराने वेदना, आखडलेपण आणि थकवा काही प्रमाणात कमी होऊ शकतो, औषधांचे दुष्परिणाम सोसणे सोपे जाते आणि हाडे व स्नायू टिकून राहतात. एवढा लाभ पुरेसा मोलाचा आहे, परंतु त्याच्या भरवशावर चालू औषध बंद करणे धोक्याचे आहे. आमवातात उपचाराविना गेलेल्या महिन्यांत सांध्यांची जी हानी होते ती पुढे भरून येत नाही.

आधी प्रकार ओळखावा

झिजेचा संधिवात बहुधा पन्नाशीच्या आसपास गुडघे, खुबे आणि बोटांची टोकाकडची पेरे यांत सुरू होतो. सकाळचे आखडलेपण अर्ध्या तासाच्या आत सुटते, आणि जिने चढून-उतरून, उभे राहून, दिवस सरेल तसे दुखणे वाढते. आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, हा शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर चढवलेला हल्ला आहे; त्यात दोन्ही हातांची बोटे आणि मनगटे सारखीच सुजतात, सकाळी तासभर किंवा त्याहून अधिक वेळ मूठ वळत नाही आणि अंगात सतत शीण असतो. गाऊट अचानक येतो, बहुधा रात्री, आणि बरेचदा पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी. तिथे युरिक ॲसिडचे स्फटिक साचतात आणि चादरीचा स्पर्शही सहन होत नाही. याखेरीज सोरायसिसबरोबर येणारा आणि पाठीच्या कण्याला धरणारा असे संधिवाताचे इतर प्रकारही आहेत.

प्रकार घरच्या घरी ठरवता येत नाही. त्यासाठी तपासणी, रक्ताच्या चाचण्या आणि कधी एक्स-रे लागतो. ज्यांना खासगी तज्ज्ञ परवडत नाही त्यांनी परळचे केईएम, शीवचे लोकमान्य टिळक किंवा मुंबई सेंट्रलचे नायर यांसारख्या महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांतील मेडिसिन किंवा अस्थिरोग विभागाच्या ओपीडीत जावे. तिथे रांग मोठी असते हे खरे, पण सहा महिने चुकीचे पथ्य पाळण्यापेक्षा एक सकाळ रांगेत गेलेली बरी.

झिजलेल्या गुडघ्यांसाठी

या प्रकारात आहाराचा सर्वांत मोठा हातभार वजनाच्या मार्गाने लागतो. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गुडघ्यांची झीज झालेल्या स्थूल व्यक्तींचे वजन एक किलो कमी झाले की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असे दिसले. पाच किलो उतरवले तर प्रत्येक पावलाला वीस किलो हलके झाले, आणि दादरच्या पुलाचा एक जिना म्हणजे किती पावले होतात याचा विचार केला की या आकड्याचे महत्त्व कळते. शिवाय चरबी केवळ ओझे म्हणून त्रास देत नाही; पोटाभोवतीची चरबी दाह वाढवणारी रसायने रक्तात सोडते, आणि म्हणूनच शरीराचे वजन न पेलणाऱ्या हातांच्या बोटांतही स्थूल व्यक्तींना झीज अधिक आढळते. भारतीयांसाठी कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असे मानले जाते. शिंप्याची टेप घरात असेल तर हे मोजमाप आजच करता येईल.

वजन उतरवण्यासाठी जेवण तोडण्याची गरज नसते. मुंबईत नोकरी करणाऱ्या माणसाचे वजन दोन वेळच्या जेवणाने जेवढे वाढते, त्याहून अधिक त्या दोन जेवणांच्या मध्ये वाढते, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवसात चार कप चहा आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर घेतली तर आठ चमचे, म्हणजे सुमारे चाळीस ग्रॅम साखर आणि १६० कॅलरी पोटात जातात; महिन्याचा हिशेब पाच हजार कॅलरींच्या घरात जातो. ती साखर एकदम बंद केली तर चार दिवसांत पुन्हा सुरू होते, म्हणून दर आठवड्याला प्रत्येक कपातील अर्धा चमचा कमी करावा. महिन्याभरात जीभ सरावते.

दुसरी जागा संध्याकाळची. दुपारी एकला डबा खाल्लेला माणूस सातच्या लोकलची वाट पाहत फलाटावर उभा असतो तेव्हा त्याला खरोखरच भूक लागलेली असते, आणि समोर गरम वडापाव, समोसा आणि भजी असतात. तिथे मनोनिग्रहाची परीक्षा घेण्यापेक्षा साडेपाचलाच कार्यालयात मूठभर फुटाणे, थोडे शेंगदाणे आणि एक केळे किंवा पेरू खाऊन घ्यावा. मग वडापाव आठवड्यातून एकदा हौसेने खाल्ला जातो, रोज भुकेपोटी खाल्ला जात नाही, आणि रात्री साडेनऊला घरी पोचल्यावर दोन वाट्या भातावर हात पडत नाही. घरातल्या तेलाचा हिशेब माणशी महिन्याला अर्धा लिटर असा ठेवावा. चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्याच्या आत संपत असेल तर तेल कुठे जाते आहे ते शोधावे.

वजन सहा महिन्यांत पाच ते दहा टक्के उतरवण्याचे उद्दिष्ट पुरेसे असते. २०१३ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या ४५४ रुग्णांच्या अभ्यासात आहार आणि व्यायाम दोन्ही सांभाळणाऱ्या गटाला, दोन्हींपैकी एकच करणाऱ्या गटांपेक्षा वेदना कमी राहिल्या. तेव्हा मांड्यांच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत, आणि त्या स्नायूंना पुरेल एवढे प्रथिन ताटात ठेवावे.

इथेच डाळी सोडण्याचा तोटा दिसतो. साठ किलो वजनाच्या प्रौढ व्यक्तीला दिवसाला किमान पन्नास ग्रॅम प्रथिने लागतात. वाटीभर घट्ट वरणातून सहा-सात ग्रॅम, एका अंड्यातून सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम मासळीतून अठरा-वीस ग्रॅम मिळतात. शाकाहारी व्यक्तीने डाळी, उसळी आणि दही एकदम सोडले तर ही बेरीज पोळी-भातावर भरून निघत नाही. वाल किंवा चवळीने पोटात वायू धरतो हे खरे आहे आणि त्याचा त्रास होणाऱ्याने मोड आणून, चांगले शिजवून, हिंग-आले घालून, थोड्या प्रमाणात त्या खाव्यात. परंतु पोटातला वायू गुडघ्यात जाऊन बसत नाही. वातूळ वाटणाऱ्या उसळीऐवजी मुगाची उसळ करावी, मात्र उसळ हा प्रकारच ताटातून काढू नये.

पायाचे सूप आणि डिंकाचे लाडू यांविषयी रुग्ण हमखास विचारतात. पायातले कोलॅजन पोटात गेल्यावर इतर प्रथिनांसारखेच पचते आणि त्याचे लहान तुकडे होतात. ते थेट गुडघ्याच्या कूर्चेत जाऊन बसते असे मानायला आधार नाही. डिंकाचा लाडू थंडीत एक खाण्याला हरकत नाही, पण त्यातले तूप, गूळ आणि सुके खोबरे लक्षात घेता वजन उतरवणाऱ्याने रोज सकाळी दोन लाडू औषध म्हणून खाणे योग्य नाही.

आमवात असलेल्यांसाठी

आमवातात आहाराचा पुरावा प्रामुख्याने दोन गोष्टींबाबत आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटॉलॉजीने २०२२ साली मांडलेल्या मार्गदर्शक सूचनांत भूमध्य समुद्राकाठच्या लोकांसारख्या आहाराची, म्हणजे भाज्या, फळे, अख्खी धान्ये, डाळी, दाणे-सुकामेवा, मासे आणि ऑलिव्ह तेल यांवर भर आणि साखर, मीठ व कारखान्यात प्रक्रिया केलेले पदार्थ कमी अशा जेवणाची, सशर्त शिफारस केलेली आहे. इतर नावाजलेल्या ‘डाएट’ची केलेली नाही. यासाठी महाग ऑलिव्ह तेल किंवा परदेशी भाज्या आणण्याची गरज नाही. ज्वारी-नाचणीची भाकरी, वाटीभर उसळ, पालेभाजी, कोशिंबीर, शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी आणि आठवड्यातून दोन-तीनदा मासे हे कोकणी-मुंबईकर ताट त्या आहाराच्या अगदी जवळचे आहे.

दुसरी गोष्ट माशांच्या तेलातील ओमेगा-३ मेदाम्लांची. ती दाह निर्माण करणाऱ्या रसायनांना अटकाव करतात आणि काही अभ्यासांत त्यांनी सकाळचे आखडलेपण व वेदना कमी झाल्या आहेत. मात्र त्या अभ्यासांतील मात्रा दिवसाला सुमारे तीन ग्रॅम इपीए व डीएचए (माशांच्या तेलातील दोन मुख्य ओमेगा-३ मेदाम्ले) इतकी मोठी होती. औषधाच्या दुकानातली ‘१००० मिलिग्रॅम’ची नेहमीची कॅप्सूल घेतली तर तिच्यात ही दोन्ही मिळून बहुधा तीनशे मिलिग्रॅमच असतात, त्यामुळे वेष्टनाच्या मागच्या बाजूचे बारीक अक्षर वाचावे आणि मात्रा डॉक्टरांना विचारूनच ठरवावी, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर. मासे खाऊन तेवढी मात्रा गाठता येत नाही, तरीही आठवड्यातून दोन वेळा तेलकट मासा खाणे सर्वच दृष्टींनी चांगले आहे.

आपल्याकडचा असा मासा म्हणजे बांगडा आणि तारली, ज्यांना काही जण पेडवे म्हणतात. पापलेट-सुरमईपेक्षा ते बरेच स्वस्त असतात आणि ओमेगा-३च्या बाबतीत त्यांच्यापेक्षा सरस असतात, हा सामान्य माणसाच्या बाजूने लागलेला दुर्मीळ हिशेब आहे. बांगडा घेताना कोळणीला कल्ला उघडून दाखवायला सांगावे. तो लालभडक हवा, डोळा फुगीर व चमकदार हवा आणि पोट दाबल्यावर बोटाचा खळगा राहता कामा नये. घरी आणल्यावर तो रव्यात घोळवून तेलात तळण्यापेक्षा तिरफळ आणि कोकम घालून कालवण करावे, किंवा हळद-तिखट-आगळ लावून बिडाच्या तव्यावर चमचाभर तेलात भाजावा. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात ताजी मासळी कमी आणि महाग होते आणि घरोघरी सुकट, सुके बोंबील बाहेर निघतात. सुक्या मासळीत मीठ फार असते, तेव्हा स्टेरॉइड किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी ती भिजवून, धुऊन आणि क्वचितच खावी. त्या दोन महिन्यांत अंडी, मूग आणि दही यांवर भर द्यावा.

मासे न खाणाऱ्यांना जवस आणि अक्रोड यांतून ओमेगा-३चा वनस्पतिजन्य प्रकार मिळतो. शरीर त्याचे इपीएत फार थोड्या प्रमाणात रूपांतर करते, त्यामुळे तो माशाच्या तेलाची जागा घेऊ शकत नाही, तरी भाजलेल्या जवसाची चटणी रोज चमचाभर खावी. शाकाहाराविषयी सांगायचे तर, १९९१ साली ‘द लॅन्सेट’मध्ये नॉर्वेतील ५३ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यात थोडे दिवस उपवास आणि नंतर वर्षभर शाकाहार घेणाऱ्या गटाची लक्षणे कमी झाली. एवढ्या लहान अभ्यासावरून सर्वांना मासे सोडायला सांगता येणार नाही, आणि उपवासाने आलेला आराम नेहमीचे जेवण सुरू झाल्यावर टिकत नाही. पण जे मुळात शाकाहारी आहेत त्यांनी आपण काही गमावतो आहोत असे समजू नये.

हळदीविषयी थोडे. हळदीतील करक्युमिनमध्ये दाह कमी करण्याचा गुण आहे, परंतु हळदपुडीत ते वजनाच्या तीन टक्क्यांच्या आसपासच असते आणि आतड्यांतून फार कमी शोषले जाते. रोजच्या भाजी-आमटीतील हळद उत्तम. करक्युमिनच्या तीव्र गोळ्या मात्र स्वतःहून सुरू करू नयेत, कारण त्यांमुळे काही जणांच्या यकृताला इजा झाल्याची उदाहरणे आहेत आणि आमवातावर दिले जाणारे मेथोट्रेक्सेट हे औषधही यकृतावरच ताण देते.

वांगे, बटाटा, टोमॅटो आणि मिरची यांनी संधिवात वाढतो याला भक्कम पुरावा नाही. आंबटाविषयीही तेच: लिंबू, आवळा, कोकम, ताक यांनी सांधे धरतात असे दिसून आलेले नाही, उलट लिंबू आणि आवळा यांतून क जीवनसत्त्व मिळते आणि जेवणातले लोह अधिक शोषले जाते. आमवातात रक्त कमी होणे नेहमीचे असल्याने ही बाब लहान नाही. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतला तर तेच लोह कमी शोषले जाते, म्हणून चहा तासभर उशिरा घ्यावा.

हात चालत नाहीत तेव्हाचे स्वयंपाकघर

आमवाताच्या आहाराची चर्चा करताना एक बाब बहुतेक वेळा सुटते, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्या बाईला सकाळी तासभर मूठ वळवता येत नाही तिला कणीक मळता येत नाही, भाकरी थापताना तळहातातून कळ जाते, विळीवर नारळ खवता येत नाही आणि कुकरचे झाकण फिरवताना मनगट वळत नाही. मग ती घरच्या सगळ्यांचे कसेबसे करते आणि स्वतः चहा-खारीवर भागवते. तिला काय खावे याची यादी देऊन उपयोग नाही. ते कसे करावे हे सांगितले पाहिजे.

थापण्या-मळण्याऐवजी ओतता येणारे पदार्थ निवडावेत. नाचणीचे किंवा तांदळाचे घावन, मुगाच्या डाळीचे धिरडे, आंबोळी यांचे पीठ डावाने ढवळून तव्यावर सोडता येते आणि भाकरीइतकेच पोषण मिळते. नाचणीत शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तर दुधात तेवढ्याच वजनात सुमारे १२०. त्यामुळे सकाळची वाटीभर नाचणीची आंबील ताक घालून घेतली तर हाडांसाठी ती उत्तम न्याहारी ठरते. मुगाची डाळ भिजवून मिक्सरला लावण्याचे काम संध्याकाळी करावे, कारण आमवातात हात दुपारनंतर अधिक मोकळे असतात. सकाळी फक्त तवा ठेवायचा. दुधाची पिशवी दातांनी किंवा बोटांनी न फाडता कात्रीने कापावी, सुरीच्या मुठीवर जुन्या सायकलचे जाड रबरी आवरण किंवा कापडाची पट्टी गुंडाळावी म्हणजे पकड रुंद होते, जड पातेली ओट्यावरून न उचलता सरकवावीत आणि खवलेला नारळ व निवडलेली मेथी बाजारातून विकत घ्यायला संकोच करू नये. दादरच्या भाजीबाजारात मोड आलेली कडधान्येही मिळतात. आणि घरातल्या मुलग्याने किंवा सासऱ्यांनी कणीक मळली तर त्यात वावगे काही नाही.

गाऊट असलेल्यांसाठी

गाऊटमध्ये आहाराचा संबंध सर्वांत थेट आहे आणि तरीही गैरसमज इथेच सर्वांत जास्त आहेत. प्युरीन नावाच्या घटकांपासून शरीरात युरिक ॲसिड तयार होते. त्यातला बराच मोठा वाटा शरीर स्वतःच बनवते आणि अन्नातून येणारा वाटा साधारण एक तृतीयांश असतो. त्यामुळे कडक पथ्याने रक्तातले युरिक ॲसिड दर शंभर मिलिलिटरमागे साधारण एका मिलिग्रॅमने उतरते. उपचाराचे उद्दिष्ट सहाच्या खाली आणण्याचे असते, तेव्हा ज्याचा आकडा नऊ आहे त्याला केवळ पथ्यावर तिथे पोचता येणार नाही आणि त्याने ॲलोप्युरिनॉलसारखे औषध नाकारणे हे स्वतःच्या सांध्यांवर व मूत्रपिंडांवर अन्याय करणे आहे.

काय कमी करावे? कलेजी, भेजा, वजडी यांसारखे अवयवांचे मांस बंद करावे. मटण आणि मासळीपैकी तारली, मांदेली, बांगडा, कोळंबी, सुकट आणि जवळा कमी करावेत. झटका नुकताच येऊन गेला असेल तर काही आठवडे टाळावेत. बिअर सर्वांत वाईट, कारण तिच्यात मद्यही असते आणि प्युरीनही; इतर कडक दारूही युरिक ॲसिड वाढवते. शीतपेये, बाटलीबंद फळांचे रस आणि रोजचा पेलाभर उसाचा रस यांतील फ्रुक्टोज नावाची साखरही तेच करते, आणि दारूला हात न लावणाऱ्या अनेकांचा गाऊट इथून वाढतो. अख्खे फळ खाण्याला अडचण नाही.

आणि काय सोडू नये? डाळी, पालक, मटार, फ्लॉवर, मशरूम. यांत प्युरीन आहे म्हणून ते हमखास बंद केले जातात, पण अमेरिकेत सत्तेचाळीस हजारांहून अधिक पुरुषांना बारा वर्षे अभ्यासून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात प्युरीनयुक्त भाज्या खाणाऱ्यांना गाऊट अधिक झाल्याचे दिसले नाही. मांस व मासळी जास्त खाणाऱ्यांना तो अधिक झाला, आणि कमी मेदाचे दूध-दही घेणाऱ्यांना कमी झाला. म्हणून साय काढलेल्या दुधाचे दही किंवा ताक रोज घ्यावे. मुंबईच्या उन्हाळ्यात आणि गर्दीच्या प्रवासात घामावाटे पाणी खूप जाते; मूत्रपिंड किंवा हृदयाच्या विकारामुळे पाण्यावर बंधन नसेल तर दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी प्यावे. ‘स्टेशनवर शौचालय मिळत नाही’ म्हणून सकाळपासून पाणी न पिण्याची सवय, विशेषतः स्त्रियांमधली, या आजारात त्रास वाढवते; ही अडचण खरी आहे, म्हणून निदान कार्यालयात पोचल्यापासून निघायच्या तासभर आधीपर्यंत पाण्याची बाटली टेबलावर ठेवावी.

उपवासाचा उल्लेख वेगळा केला पाहिजे. निर्जळी एकादशी, नवरात्रातले सलग उपवास किंवा झटपट वजन उतरवण्यासाठी केलेली उपासमार यांत शरीर स्वतःची चरबी जाळू लागते, त्या वेळी तयार होणारी आम्ले मूत्रपिंडातून युरिक ॲसिड बाहेर पडू देत नाहीत आणि झटका येऊ शकतो. श्रद्धेने उपवास करायचाच असेल तर पाणी, ताक आणि फळे घेऊन करावा.

एक सूचना नुसता अहवाल हातात असलेल्यांसाठी. संपूर्ण शरीराच्या तपासणीच्या पॅकेजमध्ये युरिक ॲसिड सात-साडेसात निघाले आणि सांधा कधीच सुजलेला नाही, तर तो गाऊट नव्हे आणि त्यासाठी वरण बंद करू नये. वजन, रक्तदाब आणि पेयांकडे लक्ष द्यावे.

औषधे आणि जेवण

मेथोट्रेक्सेट आमवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतल्याने जिवावर बेतू शकते, म्हणून वार ठरवून तो डबीवर लिहावा. त्याबरोबर दिलेली फॉलिक ॲसिडची गोळी दुष्परिणाम कमी करते, ती ‘ताकदीची गोळी’ समजून वगळू नये, आणि या औषधावर असताना दारू टाळावी. स्टेरॉइडमुळे भूक वाढते, साखर वाढते आणि हाडे ठिसूळ होतात; तेव्हा गोड, लोणचे, पापड, फरसाण आवरते घ्यावे आणि कॅल्शियम दिवसाला हजार मिलिग्रॅम, रजोनिवृत्तीनंतर बाराशे, मिळेल असे पाहावे. सकाळच्या गाडीच्या घाईत वेदनाशामक गोळी नुसत्या चहाबरोबर घेणे पोटाला घातक ठरते. निदान एक पोळी किंवा घावन आधी पोटात जावे.

ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक अशी ठरावीक आठवडेच घ्यायची असते. ती महिनोन्‌महिने स्वतःहून चालू ठेवल्याने रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होते. लेबल नसलेल्या, ‘वाताची पुडी’ म्हणून मिळणाऱ्या चूर्णांपासून तर दूरच राहावे. अशा काही चूर्णांत स्टेरॉइड मिसळलेले आढळलेले आहे, आणि दोन दिवसांत आलेला चमत्कारिक गुण बहुधा त्याचाच असतो.

प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतील तर पावसाळ्यात रस्त्यावरची कापलेली फळे, पाणीपुरीचे पाणी, कच्ची चटणी आणि बर्फ टाळावा. गरमागरम भाजलेले कणीस त्यापेक्षा सुरक्षित आहे.

आपल्यापुरता शोध कसा घ्यावा

एवढे सगळे असूनही एखाद्याला एखादा पदार्थ खरोखर बाधत असेल, ही शक्यता नाकारता येत नाही. त्याचा शोध आठवणीवर सोडू नये, कारण संधिवात आपोआपही चढतो-उतरतो आणि आदल्या रात्री खाल्लेल्या वांग्यावर उगाच आळ येतो. एक साधी वही करावी आणि रोज झोपताना चार ओळी लिहाव्यात. उदाहरणार्थ: ‘मंगळवार. सकाळी हात मोकळे व्हायला ५० मिनिटे. दुखणे दहापैकी ६. जेवणात वेगळे: दुपारी वाटीभर दही. झोप पाच तास, सायंकाळची गोळी राहिली.’ अशा नोंदीत दह्याआधी झोप आणि राहिलेली गोळी डोळ्यांत भरते.

दोन आठवडे काही न बदलता नुसते लिहावे. मग संशय असलेला एकच पदार्थ तीन आठवडे बंद करावा, बाकी जेवण आणि औषधे तशीच ठेवावीत, आणि नंतर तो पदार्थ चार-पाच दिवस नेहमीच्या प्रमाणात खाऊन पाहावा. बंद केल्यावर आराम आणि सुरू केल्यावर त्रास असे दोन वेळा घडले तरच तो पदार्थ सोडावा, आणि सोडला तर त्याच्या जागी तेवढेच पोषण देणारे दुसरे काय घ्यायचे ते लगेच ठरवावे. फरक पडला नाही तर तो निर्धास्तपणे पुन्हा खावा. घरच्यांनीही मग ‘कशाला खातेस’ असे म्हणू नये.

एखादा सांधा अचानक लाल, गरम आणि सुजलेला झाला आणि बरोबर ताप असेल, तर तो सांध्यातला जंतुसंसर्ग असू शकतो. अशा वेळी कोणतेही पथ्य, लेप किंवा काढा न करता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

पुढच्या वेळी ओपीडीत जाताना ही वही, चालू असलेल्या सर्व गोळ्यांची वेष्टने, काढा किंवा चूर्ण घेत असल्यास त्याची डबी, आणि जुने अहवाल तारखेप्रमाणे लावून न्यावेत. युरिक ॲसिडचा अहवाल गाऊटच्या झटक्यातच काढलेला असेल तर त्यावर पेनाने तसे लिहून ठेवावे, कारण ऐन झटक्यात तो आकडा पुष्कळदा कमी निघतो आणि दोन आठवड्यांनी चाचणी पुन्हा करावी लागते.